बँक वाचली, माझे रोखे बुडाले

"एवढी मोठी बँक सरकार बुडू देईल का, सर?" या एका प्रश्नावर विसंबून निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेचा मोठा हिस्सा मी ज्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन केला, त्याचे म्हणणे अखेर खरेच ठरले, आणि म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटतो. बँक बुडाली नाही. ती अडचणीत येताच सरकारी यंत्रणा हलली, नवे भांडवल उभे राहिले आणि ठेवीदारांची पै न् पै सुरक्षित राहिली. माझ्याजवळच्या रोख्यांची किंमत मात्र त्याच योजनेत शून्य झाली.

मुदत ठेवीच्या नूतनीकरणासाठी मी शाखेत गेलो होतो. तेथे "ठेवीसारखेच आहे, फक्त व्याज २ टक्के जास्त," असे सांगून बँकेचेच रोखे माझ्यापुढे ठेवण्यात आले. मुदत विचारली तेव्हा अधिकाऱ्याने अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने '५ वर्षे' असे लिहून दाखवले. माहितीपत्रक जाडजूड होते आणि मी ते उघडलेही नाही. जेथे जेथे खुणा केल्या होत्या तेथे सह्या केल्या, आणि त्यांतली एक सही 'जोखीम समजून घेतली आहे' या वाक्याखाली होती.

हे रोखे 'अतिरिक्त टियर १' प्रकारचे होते, हे मला सर्व संपल्यावर समजले. अशा रोख्यांना परतफेडीची ठरलेली मुदतच नसते. ५ वर्षांनी रक्कम परत करण्याचा बँकेला हक्क असतो, बंधन नसते. एखाद्या वर्षी तिने व्याज दिले नाही तरी ती थकबाकी धरली जात नाही. आणि भांडवल ठराविक पातळीखाली घसरले किंवा बँक आता तगणार नाही असे नियामकाने ठरवले, की रोख्याच्या अटींनुसार मुद्दल शून्य करता येते किंवा त्याचे समभागांत रूपांतर करता येते. ठेवीशी याचे साम्य एवढेच, की दोन्हींचे अर्ज एकाच टेबलावर भरले जातात.

याहून बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरपर्यंतचे सरकारी कर्ज मंजूर झाले. पुढच्या महिन्यात अमेरिकी संसदेने ७०० अब्ज डॉलरच्या मदत योजनेचा कायदा केला. नफा मालकांचा आणि तोटा करदात्यांचा, हा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून नंतरच्या बासेल-३ या बँकांच्या भांडवलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अशा रोख्यांची तरतूद करण्यात आली, जेणेकरून पुढच्या संकटात करदात्याच्या आधी गुंतवणूकदाराने तोटा सोसावा. सरकारी तिजोरीवरचा भार टळावा म्हणून घडवलेली ही वस्तू मला सरकारी पाठबळाच्या भरवशावर विकण्यात आली होती.

बचाव संस्थेचा होतो. त्या संस्थेत पैसे घातलेल्या प्रत्येकाचा होतोच असे नाही. सप्टेंबर २००८ मध्ये फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्ज संस्था सरकारने ताब्यात घेऊन चालू ठेवल्या, तरी त्यांच्या भागधारकांचे पैसे जवळजवळ बुडालेच. २०१३ मध्ये बँक ऑफ सायप्रस वाचवताना १ लाख युरोंवरील ठेवींचा ४७.५ टक्के भाग समभागांत बदलला गेला, म्हणजे तेथे ठेवीदारही सुटले नाहीत. मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्विस या स्वित्झर्लंडमधील बँकेचे सुमारे १६ अब्ज स्विस फ्रँकचे असेच रोखे शून्य करण्यात आले; भागधारकांच्या पदरात मात्र काहीतरी पडले, वास्तविक पैसे परत मिळण्याच्या रांगेत ते सर्वांत शेवटी उभे असायला हवे होते.

माझ्या वागण्याचाही हिशेब येथे मांडला पाहिजे. ज्यांनी लोभाने धोका पत्करला त्यांनी तोटाही सोसावा, माझ्या करातून त्यांना का वाचवायचे, असे २००८ मध्ये मी तावातावाने म्हणत असे. माझे रोखे बुडाल्यावर मात्र सरकारने भरपाई द्यावी म्हणून मी स्वतः अर्ज केला, आणि तो लिहिताना जुने शब्द आठवून हात अडखळला. जास्तीचे २ टक्के कशाबद्दल मिळत आहेत, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. तरीही न वाचता सही करणे हा माझा निष्काळजीपणा आणि रोख्याला ठेव म्हणून विकणे ही त्यांची लबाडी. पहिल्याने दुसरी माफ होते, हे मला मान्य नाही.

तक्रारीला बँकेने दिलेले उत्तर तीन ओळींचे होते. त्यात जोखमीखालच्या माझ्या सहीचा उल्लेख होता आणि तोंडी आश्वासनाचा लेखी पुरावा मागितला होता. अर्जाची प्रत मागवली तेव्हा कोपरा कोरा निघाला, कारण पेन्सिलीचा तो आकडा कोणीतरी खोडून टाकला होता. नवे रोखे घेताना परतफेडीची तारीख आणि बँक अडचणीत आल्यास मुद्दलाचे काय होईल, या दोन गोष्टी मी आता अधिकाऱ्याकडून शाईने लिहून व सही करून मागतो. आतापर्यंत दोघांना विचारले. दोघांनीही मुकाट्याने ठेवीचा अर्ज पुढे केला.