बिडाची एनपी 205: आठ महिने आणि एक हिवाळा

माझा ट्रक 1984 चा शेव्हरोले के10. राहतो कोलोरॅडोत, घराकडे जायला डोंगरातला कच्चा रस्ता, त्यामुळे फोर-व्हील ड्राइव्हवाचून हिवाळा निघत नाही. ट्रकची मूळची ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्समागची पेटी, जी ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटते) एनपी 208, अॅल्युमिनिअमची आणि चेनवर चालणारी. आधीच्या मालकाने तिचं तेल वर्षानुवर्षं बदललेलं नव्हतं. चेन ताणली गेली होती. चढावर जोर दिला की ती दात्यावरून उडी मारायची आणि पायाखाली ‘खट्’ असा हादरा बसायचा.

म्हणून जुनी एनपी 205 शोधायला लागलो. ही बिडाची, आत चेन नाही, सगळा कारभार गिअरवर. भंगार यार्डात चिखल आणि ग्रीस फासलेल्या पेट्या सारख्याच दिसतात, तेव्हा खिशात लोहचुंबक ठेवा. 205 ला चिकटतो, 208 ला नाही. एनपी 203 सुद्धा बिडाचीच, पण ती बरीच लांब असते, आत चेन असते आणि कायम चारही चाकांना ताकद देते. तिच्या लिव्हरच्या खुणांमध्ये ‘लॉक’च्या जागा दिसतात, त्यावरून लगेच कळते. 208 च्या मागच्या भागावर गोल पट्टी शाबूत असेल तर मॉडेल आणि लो रेंजचं (हळू पण जास्त जोराने चालवायच्या गिअरचं) गुणोत्तर तिच्यावरच वाचता येतं.

पहिल्यांदा मी फसलो. एका यार्डाने फोटो पाठवला, ‘शेव्हीची 205’ म्हणून सांगितलं, मी पैसे भरले. पेटी आली तर पुढच्या शाफ्टचं तोंड डावीकडे! ती फोर्डची होती. माझ्या ट्रकच्या पुढच्या एक्सलचा गोळा (डिफरन्शिअल) उजवीकडे आहे. पैसे परत मिळाले, भाडं गेलं. तेव्हापासून आधी बाजू बघतो, मग स्प्लाइन (शाफ्ट एकमेकांत बसवणारे दाते) मोजतो. जीएमच्या (शेव्हरोलेच्या मालक कंपनीच्या) 205 मध्ये 10, 27 आणि 32 अशा तिन्ही स्प्लाइनच्या सापडतात, आणि फोटोवरून मोजणं कठीणच. शेवटी के30 या शेव्हरोलेच्याच जास्त दमदार ट्रकची 205, तिला गिअरबॉक्सशी जोडणारा अडॅप्टर आणि एसएम465 गिअरबॉक्स असं अख्खंच उचललं. महाग पडलं, पण जुळवाजुळवीची डोकेदुखी वाचली.

घेण्याआधी तेलाचा बोल्ट काढून बोट आत घातलं. तेल काळं होतं, पण बोटांत चोळल्यावर धातूची कणी लागली नाही. पुढचं योक (शाफ्ट जोडायचं तोंड) धरून वर-खाली हलवलं, ढिलाई जाणवली नाही. चेनची पेटी असेल तर फोर-व्हीलमध्ये टाकून, मागचा शाफ्ट घट्ट धरायचा आणि पुढचं योक मागेपुढे फिरवायचं. मधे जितकं रिकामं फिरतं, तितकी चेन ढिली.

बसवणं हे एकट्याचं काम नव्हे. पेटी अतिशय जड आहे, जॅक आणि दोन माणसं लागलीच. ती 208 पेक्षा आखूड असल्याने मागचा प्रॉपेलर शाफ्ट नव्याने लांब करून घ्यावा लागला. हा खर्च आधीच धरून ठेवा.

आता आठ महिने झाले. बर्फात, चिखलात, लाकडं भरलेली ट्रॉली ओढताना एकदाही हादरा नाही. फोर-व्हीलमध्ये गिअरची बारीक शिट्टी ऐकू येते, मला ती आवडते. मात्र एक गोष्ट 208 चीच सरस, आणि ती मला रोज आठवते: लो रेंज. तिचं 2.61, हिचं फक्त 1.96. एसएम465 चा पहिला गिअर 6.55 आणि माझ्या एक्सलचं गुणोत्तर 3.73 धरलं तर 208 बरोबर एकूण सुमारे 64 पट मिळायची, आता 48. बर्फाळ उतारावर पूर्वी ट्रक ब्रेकशिवाय मुंगीच्या पावलाने उतरायचा. आता मधूनमधून ब्रेकवर पाय जातो. चढणीला फरक पडत नाही, उतरताना पडतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर तो आणखी जाणवेल, कारण तिथे इतका खालचा पहिला गिअर नसतो. अशा ट्रकवर मी 208 लाच नवी चेन घालीन.

तेल दोघींचं वेगळं, हे विसरू नका: 208 ला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल), 205 ला 80डब्ल्यू-90 (जाड गिअर ऑइल). मागच्या महिन्यात माझ्या पुढच्या सीलमधून ओल दिसायला लागली. सील आणून ठेवलं आहे, या रविवारी योक काढतो.