पांगुळगाडा की वॉकर? पहिल्या वाढदिवसाच्या खेळण्यांचा जोडीजोडीने आढावा

घरातच पाळणाघर चालवत असल्यामुळे खेळणी दुकानात कशी दिसतात यापेक्षा सहा महिन्यांनी त्यांचं काय होतं हे मला जास्त ठाऊक आहे. पहिला वाढदिवस जवळ आला की आया विचारतात, "काकू, मामा विचारतोय काय आणू म्हणून. काय सांगू?" आणि प्रश्न नेहमी जोडीने येतो. वॉकर की पांगुळगाडा, लाकडी की प्लास्टिकचं, नवं घ्यावं की जावेकडचं जुनं चालेल? म्हणून उत्तरंही जोड्या लावूनच देते. एक आधीच सांगून ठेवते, या जोड्यांत लाकूड दर वेळी जिंकत नाही.

गोल वॉकर की पांगुळगाडा

ही एकच जोडी अशी आहे, जिथे मला काही विचार करावा लागत नाही. वॉकर नको.

वॉकर म्हणजे मधे कापडी बैठक, भोवती प्लास्टिकचं कडं आणि खाली चाकं. बाळाला आत बसवलं की ते पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं आणि सुसाट सुटतं. एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर जातं. तुम्ही गॅसपाशी उभ्या असाल, तर वळून हात पुढे करेपर्यंत ते जिन्याशी पोचलेलं असतं. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे जखमी झालेली सुमारे २ लाख ३० हजार बाळं इस्पितळांच्या तातडीच्या विभागात आणली गेली. सगळी सव्वा वर्षाच्या आतली. दहातल्या नऊ जणांना डोक्याला किंवा मानेला लागलं होतं, आणि बहुतेक जण जिन्यावरून पडले होते. कॅनडाने तर २००४ साली वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवरही बंदी घातली. तिथे जुना वॉकर शेजाऱ्याला विकणंही बेकायदा आहे.

आपल्याकडे जिना नसेलही, पण उंबरठा असतो. चाक उंबरठ्याला अडकलं की वॉकर बाळासकट पुढे कलंडतो. शिवाय वॉकरमधल्या बाळाचा हात एरवीपेक्षा वर पोचतो, म्हणजे टीपॉयवरचा चहा, इस्त्रीची लोंबती वायर आणि टेबलक्लॉथचं टोक.

"पण त्याने लवकर चालायला शिकतं ना?" नाही. बाळाला त्यात स्वतःची पावलं दिसत नाहीत, तोल सांभाळावा लागत नाही, वजन बैठकीवर असतं. झालाच तर चालायला थोडा उशीर होतो.

आता पांगुळगाडा. तीन चाकं, उभा दांडा आणि धरायला आडवी पट्टी. बाळ त्याच्या आत नसतं, मागे स्वतःच्या पायांवर उभं असतं, आणि सगळा फरक इथे आहे. दमलं की ते बुडावर बसतं आणि गाडी थांबते. आधाराने उभं राहायला लागल्यावरच तो द्यायचा, त्याआधी नाही. पण पांगुळगाडाही डोळे झाकून घेऊ नये. हलका असेल तर बाळाने पट्टीवर भार टाकताच तो उलटा अंगावर येतो. चाकं फार गुळगुळीत असतील तर फरशीवर पुढे निसटतो आणि बाळ तोंडावर आपटतं. दुकानात पट्टीवर तळहाताने जोर देऊन पाहा, पुढचं चाक उचललं गेलं तर तो ठेवून द्या. चाकं खिळ्यांनी ठोकलेली असतील तर खिळ्यांची टोकं बोटाने चाचपा. रबरी पट्टी बसवलेली चाकं मिळाली तर उत्तम. जिन्याला फाटक मात्र पांगुळगाड्यासाठीही लागतंच.

लाकडी की प्लास्टिकचं

सावंतवाडीला गेलात तर मोती तलावाजवळच्या चितार आळीत शिरल्याशिवाय परत येववत नाही. लाकडी फळं, भाज्या, बैलगाड्या, भोवरे. मलाही ती फार आवडतात. पण तिथलं लाकडी केळं आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा लाखेचा खुळखुळा या दोन्हीला "लाकडी खेळणी" म्हणून एकाच टोपलीत टाकू नका. चन्नपट्टणमध्ये लाकूड लेथवर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. सावंतवाडीची फळं कुंचल्याने रंगवतात. वर्षाच्या बाळाच्या दृष्टीने प्रश्न एवढाच आहे, की चावल्यावर तोंडात काय येतं.

काळजी शिशाची. पिवळा आणि लाल रंग उठावदार यावा म्हणून रंगात शिशाची संयुगं घालण्याची पद्धत जुनी आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. पण औद्योगिक वापराचे रंग त्या नियमाखाली येत नाहीत. त्यामुळे कारागिराला सरळ विचारा, "रंग कुठला वापरता? डबा दाखवाल का?" छोट्या दुकानाचा हाच मोठा फायदा, बनवणारा माणूस समोर बसलेला असतो.

ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. फडक्याला रंग लागला तर खेळणं नको, हे बरोबर. पण लागला नाही म्हणजे शिसं नाही, असं मात्र नाही. शिसं असलेला ऑइलपेंट घट्ट बसतो आणि पुढे पोपडे निघायला लागल्यावर पोटात जातो. म्हणून माझा साधा हिशेब: दीड-दोन वर्षांपर्यंत, म्हणजे सगळं तोंडात घालण्याच्या वयात, लाकडी घ्यायचं तर बिनरंगाचं किंवा लाखेचं. सावंतवाडीची फळं भातुकलीच्या वयाला. तोवर शोकेसमध्ये छान दिसतात.

प्लास्टिकमध्ये कडक आणि मऊ असा भेद करा. जोडायचे ठोकळे असतात तसलं चांगलं कडक प्लास्टिक धुता येतं, झिजत नाही, आणि माझ्या मते कुठल्यातरी अनोळखी ऑइलपेंटने रंगवलेल्या लाकडापेक्षा बरं. पिशवी उघडताच भपकारा येणारं, हाताला चिकट लागणारं मऊ प्लास्टिक नको. पीव्हीसी मऊ करण्यासाठी फ्थॅलेट नावाची रसायनं घालतात, ती प्लास्टिकला घट्ट बांधलेली नसतात आणि चोखताना हळूहळू बाहेर येतात. जत्रेतलं पातळ, ठिसूळ प्लास्टिक वेगळ्या कारणाने वाईट: पहिल्या आपटण्यात फुटतं आणि कडा ब्लेडसारख्या होतात. आणि दाबल्यावर चूं चूं करणाऱ्या बदकाच्या बुडातली शिट्टी ओढून बघा. सहज निघाली तर बदक दुकानातच राहू दे.

आयएसआय की सीई

दुकानदार खोक्यावरचं सीई दाखवून "इंटरनॅशनल आहे" म्हणतो. ते युरोपच्या बाजारासाठी असतं, आणि बहुतेक वेळा कारखानदाराने स्वतःच जाहीर केलेलं असतं. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. साध्या खेळण्यासाठी चिन्हावर आयएस ९८७३ आणि विजेच्या किंवा बॅटरीच्या खेळण्यासाठी आयएस १५६४४ हा आकडा असतो. चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. हे चिन्ह बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो ही सरकारी संस्था देते. तिच्या बीआयएस केअर या मोफत ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की कारखान्याचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे. लाजू नका. २०२३ च्या जानेवारीत बीआयएसने मॉल आणि विमानतळांवरच्या चकचकीत दुकानांतूनही बिनचिन्हाची खेळणी जप्त केली होती, म्हणजे दुकानाच्या एसीवर भरवसा ठेवू नका.

नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि जीआय मानांकन (विशिष्ट गावाची खासियत म्हणून झालेली नोंद) असलेली खेळणी यांना या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे हाताने बनवलेल्या खेळण्यावर चिन्ह नसलं तर कारागीर फसवतोय असं नाही. तपासणी मात्र मग तुमची तुम्हालाच करायची.

खुळखुळा, पिपाणी आणि बोरनहाण

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटा भाग केवढा असला तर धोक्याचा, हे मोजायला प्रयोगशाळेत ३१.७ मिलीमीटर व्यासाची नळी वापरतात. त्यात जो मावेल तो तुकडा घशात अडकू शकतो. चेंडूंना आणखी मोठं माप लागतं, ४४.५ मिलीमीटर. घरी एकच नळी करा: जाड कागद गुंडाळून साडेचार सेंटीमीटर तोंडाची. तिच्यातून जे जातं ते या वयात नको. दहाचं नाणं, गोट्या, पिपाणीचं तोंड, भिरभिऱ्याची टाचणी सगळं त्यात जातं. खुळखुळा मात्र आतल्या मण्यांसाठी तपासायचा. दोन अर्ध्या वाट्या चिकटवून केलेला असेल तर सांधा नखाने उचकटून पाहा.

दोरीचं मापही आपल्या हातातच आहे. दीड वर्षाच्या आतल्या बाळाच्या खेळण्याला २२० मिलीमीटरपेक्षा लांब मोकळी दोरी नसावी, म्हणजे जेमतेम एक वीत. पाळण्यावरच्या चिमण्या बाळ हात-गुडघ्यांवर अंग उचलू लागलं की काढून टाका. गळ्यातला काळा दोराही झोपताना काढा. यावर आजी रागावतात, मला माहीत आहे.

आणि खेळण्यांना इतकं पारखून संक्रांतीला आपण बाळाच्या डोक्यावरून बोरं, हलवा, शेंगा आणि उसाचे तुकडे ओततो! बोरनहाण करूच नका असं मी म्हणत नाही. चुरमुरे घ्या, मोठी बिस्किटं घ्या, फुलांच्या पाकळ्या घ्या. शेंगदाणे, हरभरे, गोळ्या नकोत. शेंगदाणा श्वासनळीत गेला तर दुर्बीण घालून काढावा लागतो.

बॅटरीचं की बिनबॅटरीचं

बॅटरीचं खेळणं घ्यायचंच असेल तर बॅटरी कुठली हे आधी बघा. पेन्सिल सेल असेल आणि झाकण स्क्रूने बंद असेल तर चालेल. बटण सेल असेल तर या वयात मी घरातच येऊ देत नाही.

वीस मिलीमीटरचा, नाण्याएवढा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या जागेत त्यातून प्रवाह वाहू लागतो, तिथे तीव्र अल्क (कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ) तयार होतो आणि दोन तासांतही अन्ननलिका भाजते. सेल "संपलेला" असला तरी एवढं करायला त्यात पुरेशी शक्ती उरते. बाळ सांगू शकत नाही. लाळ गाळतं, खात नाही, खोकतं, आणि आपण सर्दी समजतो. शंका आली तरी वाट पाहू नका. ओकारी काढायची नाही, १०८ ला फोन करा किंवा एक्स-रेची सोय असलेल्या इस्पितळात न्या, आणि सेलची शंका आहे हे स्पष्ट सांगा, कारण एक्स-रेवर तो नाण्यासारखा दिसू शकतो. नीट पाहिलं तर कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं. मूल वर्षाच्या पुढचं असेल, सेल गिळून बारा तास उलटले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देतात. मधासाठी इस्पितळ लांबवायचं मात्र नाही. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, बारशाला चाटवायलाही नको.

हे सेल फक्त खेळण्यांत नसतात. गाणारं वाढदिवसाचं कार्ड, लुकलुकणारे बूट, वजनकाटा, गाडीची किल्ली आणि दिवाळीतल्या बॅटरीच्या पणत्या, सगळं एकदा शोधा. पणत्यांच्या बुडाचं झाकण बऱ्याचदा नखाने उघडतं.

लोहचुंबकाच्या बारीक गोळ्या आणि पाण्यात फुगणारे जेलीचे मणी यांच्यासाठी मी जोडी लावणार नाही. गिळलेल्या दोन चुंबकगोळ्या आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकींना चिकटतात आणि मधली भिंत कुजवतात. जेलीचा मणी गिळताना मोहरीएवढा असतो आणि पोटात फुगतो. थोरल्या भावंडालाही नको.

नवं की थोरल्याचं जुनं

जुनं मला आवडतं. पितळेची भातुकली, कडक ठोकळे, गरम पाण्यात धुतलेली कापडी बाहुली (डोळे बटणांचे असतील तर काढून धाग्याने भरा) हे सगळं खुशाल घ्या. २०१७ च्या आधीचं रंगवलेलं खेळणं, बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू हरवलेलं आणि शिवण उसवून स्पंज बाहेर आलेलं मात्र घेऊ नका.

आणि माळ्यावर जुना वॉकर असेल तर तो जावेलाही देऊ नका आणि भंगारवाल्यालाही आहे तसा देऊ नका. आधी चाकं उपटा, बैठकीचं कापड कापा. अख्खा दिला तर दोन दिवसांत पुसून, दोरी बांधून कुणाच्या तरी घरी पोचतो.