संयुक्त राष्ट्रांची ही लायब्ररी फुकट आहे, म्हणून हलकी समजू नका

नागपुरात आंतरराष्ट्रीय कायद्याचा क्लास शोधून पाहा. बर्डीला काय नि धरमपेठेत काय, मला जिकडेतिकडे जेएमएफसीचीच, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेचीच, तयारी दिसली. मी इथल्या जिल्हा न्यायालयात ज्युनिअर आहे आणि बाहेरच्या एलएलएमसाठी अभ्यास करते आहे. एका ऑनलाइन कोर्सवाल्यांनी भरपूर फी घेऊन हातात नुसत्या स्लाइड्स ठेवल्या. मग कॉलेजच्या सरांनी ‘ऑडिओव्हिज्युअल लायब्ररी ऑफ इंटरनॅशनल लॉ’ बघायला सांगितली. संयुक्त राष्ट्रांचा विधी विभाग ती २००८ पासून चालवतो. एक पैसाही लागत नाही.

तिचे तीन भाग आहेत : व्याख्यानं, करारांचा इतिहास आणि संशोधनाची साधनं. बहुतेक जण व्याख्यानांवरच थांबतात. ती उत्तमच आहेत, सोबत वाचायची यादी असते आणि नुसता ऑडिओही मिळतो. खापरीहून मेट्रोत बसलं की कस्तुरचंद पार्क येईपर्यंत माझं निम्मं व्याख्यान ऐकून होतं. पण खरा खजिना आहे तो ‘हिस्टॉरिक आर्काइव्हज’मध्ये, म्हणजे करारांच्या इतिहासाच्या भागात.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताने पाकिस्तानविरुद्ध लढलेला कुलभूषण जाधव खटलाच घ्या. आपल्या नागपूरच्या हरीश साळवेंनी एक रुपया फी घेतली, १७ जुलै २०१९ ला निकाल लागला, बहुतेक मुद्द्यांवर १५ विरुद्ध १ मत पडलं, हे इथे बार रूममध्ये सगळ्यांना पाठ आहे. पण जिंकलो कशावर? पाकिस्तानचं म्हणणं होतं की हेरगिरीच्या आरोपीला कॉन्सुलर अॅक्सेस, म्हणजे आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क, मिळत नाही. न्यायालयाने कॉन्सुलर संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ वाचलं. हेरांचा अपवाद त्यात कुठेच नाही. मग खात्रीसाठी, मसुदा तयार होताना १९६० साली आंतरराष्ट्रीय विधी आयोगात काय चर्चा झाली होती, तीही तपासली. त्या चर्चेपर्यंत या लायब्ररीतल्या कराराच्या पानावरून जाता येतं. एका खिडकीत निकाल आणि दुसरीत ते इतिवृत्त ठेवून मी ओळीओळीने वाचलं. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराची कलमं ३१ आणि ३२, म्हणजे करार कसा वाचायचा (आधी त्याचे शब्द, मग खात्रीसाठी मसुद्याचा इतिहास), ती नोट्समधून घोकून अशी कधीच डोक्यात शिरली नसती. भारत त्या १९६९ च्या कराराचा पक्षकार नाही, तरी त्यातली तत्त्वं आपल्याकडेही आधाराला घेतली जातात, म्हणून ती पक्की करून ठेवाच.

उणिवा आहेत. शंका विचारायला कोणी नाही, कुठून सुरुवात करायची ते कोणी सांगत नाही, आणि मराठी-हिंदीत काही नाही. त्याहून मोठी अडचण अशी की आमच्या ऑफिसात येणारी सीमेपलीकडची कामं या लायब्ररीत सापडत नाहीत. मुलीला अमेरिकेत मिळालेला घटस्फोट इथे मानतील का? सिंगापूरच्या कोर्टाची पैशाची डिक्री (हुकूमनामा) इथे बजावता येईल का? त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं १३ आणि ४४-अ उघडावी लागतात. सिंगापूर हा कलम ४४-अ खाली भारत सरकारने अधिसूचित केलेला देश आहे, त्यामुळे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाची डिक्री सरळ आपल्या जिल्हा न्यायालयात बजावणीला लावता येते. अमेरिका त्या यादीत नाही, म्हणून तिथल्या पैशाच्या डिक्रीवर इथे नव्याने दावा लावावा लागतो. पक्षकार हेच विचारत येतात. लवादाचं मात्र बरं आहे : परदेशी लवाद निवाड्यांविषयीच्या १९५८ च्या न्यूयॉर्क कराराची माहिती लायब्ररीत छान मिळते, शेजारी आपल्या १९९६ च्या लवाद कायद्याचा दुसरा भाग ठेवून वाचा.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई देणार असाल तर इथे वेळ घालवू नका, ती परीक्षा इंग्लंड-वेल्सच्या कायद्यावर असते. जेसप मूट, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याची अभिरूप न्यायालय स्पर्धा, करणाऱ्या मुलांनी मात्र मेमोरियल (लेखी युक्तिवाद) लिहायला घेण्याआधी आपल्या मुद्द्याशी जुळणाऱ्या कराराचं पान शोधून त्याच्या मसुद्याचा इतिहास आधी वाचून काढावा.