रीसस माकडांच्या एलायझासाठी (अँटीबॉडी शोधायची चाचणी) घेतलेलं हिपॅटायटिस ई चं प्रोटीन

आम्हाला रीसस माकडांच्या सीरममध्ये हिपॅटायटिस ई च्या अँटीबॉडी बघायच्या होत्या म्हणून ई कोलाय बॅक्टेरियामध्ये बनवलेलं ओआरएफ २ कॅप्सिड प्रोटीन (विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रोटीन) मागवलं, १०० मायक्रोग्रॅमची वायल म्हणजे छोटी कुपी. जेलवर एकच स्वच्छ बँड आला, म्हणजे प्रोटीन शुद्ध आहे, जीव भांड्यात पडला! माणसाच्या स्ट्रेनचं (विषाणूच्या उपप्रकाराचं) असलं तरी माकडांना चालतं कारण माणसांतल्या स्ट्रेन्सचा सीरोटाइप एकच आहे, म्हणजे एका स्ट्रेनविरुद्धच्या अँटीबॉडी दुसरीलाही ओळखतात, फक्त सेकंडरी अँटीबॉडी (सीरममधल्या अँटीबॉडीला चिकटून ती दाखवणारी) माकडाच्या आयजीजीविरुद्धची (रक्तातल्या मुख्य अँटीबॉडीविरुद्धची) घ्या. पॉझिटिव्ह कंट्रोलच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळगीत) गडद पिवळा रंग, निगेटिव्ह अगदी पाण्यासारखी. पॅकिंगवर मात्र मी खरंच नाराज आहे, खोका उघडला तर ड्राय आइस संपलेला आणि वायलवर घाम, एवढा महागाचा माल असा कसा पाठवतात? आल्या आल्या छोटे भाग करून उणे ८० ला ठेवा, परत परत वितळवू नका.