जैसलमेरचा किल्ला आणि हवेल्या: जायचं तर सकाळीच

किल्ला 1156 चा, रावल जैसलने बांधलेला, पण म्युझियम बघायला जातोय असं डोक्यात ठेवून जाऊ नका कारण आत अजून लोक राहतात, गल्लीत वाळत घातलेले कपडे, मधेच गाय, आणि तुम्ही फोटो काढताय तेवढ्यात मागून स्कूटरवाला हॉर्न मारतो. मला तर तेच जाम आवडलं. राजवाड्याचं म्युझियम ठीकठाक, खरी मजा वरून दिसणाऱ्या पिवळ्या शहराची. जैन मंदिरं मात्र चुकवू नका, चामड्याचा बेल्ट-पाकीट बाहेर ठेवावं लागतं, आत खांबांवरचं कोरीव काम बघून मान दुखते पण हलवत नाही.

पटवों की हवेली म्हणजे एक नाही पाच हवेल्या, 19व्या शतकातल्या, व्यापाऱ्याच्या. झरोक्याची जाळी एकदा जवळ जाऊन बघा, दगड आहे की लेस कळत नाही राव!

आम्हाला भेटलेला गाईड दहा मिनिटांत हवेली उरकून चादरींच्या दुकानात घेऊन गेला, वैताग नुसता. आधीच सांगा, शॉपिंग नको म्हणून. जोधपूर रोडवरचं वॉर म्युझियम, 1971 च्या भारत-पाक युद्धातल्या लोंगेवालाच्या लढाईवालं, पोरांना सगळ्यात जास्त तेच आवडलं. दुपारी फिरू नका, दगड तापतो.