जालन्याच्या मोसंबीला सोडा मेकरची जोड

विजेशिवाय, केवळ वरचा दट्टा दाबून चालणारा सोडा मेकर हल्ली ऑनलाइन सहज मिळतो. आमच्या जालन्यातील घरी तो मागच्या उन्हाळ्यापासून नियमित वापरात आहे. त्याची जाहिरात साध्या सोड्यापुरती असली, तरी आम्ही तो घेतला तो फळांच्या रसाची फसफसणारी पेये करण्यासाठी, आणि हे परीक्षणही त्याच वापराचे आहे. उजवे-डावे दोन्ही लिहायचे असल्याने कंपनीचे नाव देत नाही. या प्रकारच्या बहुतेक यंत्रांची रचना सारखीच असते.

पाण्याच्या तापमानापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण मराठवाड्यात या यंत्राचे यशापयश त्यावरच ठरते. दट्टा दाबला की यंत्रात बसवलेल्या सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड बाटलीतल्या पाण्यात शिरतो, आणि हा गॅस थंड पाण्यात अधिक विरघळतो. साध्या वातावरणीय दाबाला शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे 3.3 ग्रॅम मावतो, 20 अंशांना 1.7 ग्रॅम आणि 40 अंशांना जेमतेम 1 ग्रॅम. म्हणजे मे महिन्यात टाकीच्या नळाचे पाणी बाटलीत भरून कितीही वेळा दट्टा दाबला, तरी गॅस शिट्टीसारखा आवाज करत झडपेतून निघून जातो आणि ग्लासात ठसका उतरत नाही. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेल्या पाण्याला मात्र तीन-चार दाब पुरतात. बोअरचे पाणीही टाळावे. त्यातील क्षार सोड्याचा आंबटपणा मारतात. आरओचे पाणी वापरल्यास हा फरक पहिल्याच घोटाला कळतो.

या यंत्रात केवळ पाण्यातच गॅस भरावा, रसात भरू नये, असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते आणि ते तंतोतंत पाळावे. रसातील गर आणि साखर यांमुळे फेस नळीतून वर चढतो आणि झडप चिकट होते. आधी कडक सोडा करून मग त्यात गोडवा मिसळणे हाच योग्य क्रम आहे. मात्र त्यात कोरडी साखर टाकू नये, कारण तिच्या कणांभोवती बुडबुडे जमून भरलेला गॅस क्षणात उडून जातो. वजनाने दोन भाग साखर आणि एक भाग पाणी यांचा पाक करून, पूर्ण गार करून, तिरप्या धरलेल्या बाटलीच्या कडेने सोडावा. थंड पेयात गोडी कमी जाणवते, त्यामुळे पाक कोमट असताना चाखून प्रमाण ठरवू नये.

मोसंबीची गोष्ट थोडी नाजूक आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि हंगामात ती दारात स्वस्त असते, त्यामुळे या यंत्राशी तिची जोडी लागावी ही इच्छा स्वाभाविकच. परंतु तिचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो आणि आटवल्यास चव आणखी बिघडते. म्हणून रस ताजा काढून, मलमलच्या कापडातून गाळून, थंड करून लगेच मिसळावा लागतो. निम्मा रस आणि निम्मा सोडा घेतला, तर गॅसही निम्माच उरतो. चव छान लागते, पण तोंडात झणझणीत असे काही राहत नाही. एक भाग रस, दोन भाग कडक सोडा, थोडा पाक आणि चिमूटभर काळे मीठ हे प्रमाण आमच्या घरी टिकले.

सफरचंदाच्या बाबतीत यंत्र खरे खुलले. तयार मिळणारा, साखर न घातलेला सफरचंदाचा रस मंद आचेवर एक चतुर्थांश होईपर्यंत आटवावा आणि गार झाल्यावर त्याच्या एका भागात तीन भाग सोडा मिसळावा. रसाची मूळ गोडी जवळजवळ परत येते आणि भरलेल्या गॅसपैकी बराचसा टिकतो. त्यात थोडे लिंबू आणि चमचाभर कोऱ्या चहाचा दाट अर्क घातला, तर सायडरला, म्हणजे सफरचंदाच्या रसाच्या पाश्चात्त्य पेयाला, शोभणारा तुरटपणाही येतो. चहाची ही युक्ती आमची नव्हे. घरी सायडर करणारे इंग्लंड-अमेरिकेतले लोक रसात तुरटपणा कमी पडला की ती वापरतात.

त्या मंडळींची अडचण पाहिली म्हणजे या यंत्राचा मोठा गुण ध्यानात येतो. हार्ड सायडरमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सायडरमध्ये, यीस्ट रसातील साखर खाऊन मद्य करते, त्यामुळे पेयात गोडी उरत नाही. बुडबुड्यांसाठी बाटली बंद करताना लिटरमागे साधारण सात ग्रॅम साखर पुन्हा घालावी लागते. पण गोडीसाठी त्याहून अधिक घातली, तर यीस्ट तीही खाते आणि दाबाने बाटली फुटू शकते. म्हणून एरिथ्रिटॉलसारखे न आंबणारे गोडक वापरणे किंवा बाटल्या गरम पाण्यात ठेवून यीस्ट मारणे, असे उपाय त्यांना करावे लागतात. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, तेव्हा तो मार्ग घरी बंदच आहे. सोडा मेकरमध्ये यीस्टच नसल्याने गोडी आणि ठसका एकमेकांच्या आड येत नाहीत. दोन्ही हवे तितके, वेगवेगळे ठरवता येतात. फक्त रस मिसळलेली बाटली झाकण लावून उन्हाळ्यात बाहेर ठेवू नये, कारण हवेतील यीस्ट परवाना विचारत नाही.

नाराजी आहे ती सिलिंडरविषयी. त्यात 400 ग्रॅमहून थोडा अधिक गॅस असतो आणि वर 60 लिटर असा दावा छापलेला असतो. हा हिशेब सौम्य सोड्याचा आहे. रसासाठी लागणारा कडक सोडा केला, तर सिलिंडर त्याच्या बराच आधी संपतो. शिवाय एक लिटरची म्हणवल्या जाणाऱ्या बाटलीत खुणेच्या रेषेपर्यंत 840 मिलिलिटरच पाणी भरायचे असते. रिकामा सिलिंडर बदलून देणारे दुकान आमच्या शहरात सापडले नाही, आणि दाबाखालील गॅस असल्याने प्रत्येक कुरिअरवाला तो स्वीकारत नाही. अग्निशामक सिलिंडर भरणाऱ्याकडून तो भरून घेण्याचा सल्ला एकाने दिला होता. तो गॅस खाण्यायोग्य प्रतीचा असेलच असे नाही, म्हणून आम्ही तो मानला नाही. बदलीचा खर्च वाहतुकीसह धरून प्रत्यक्ष निघालेल्या लिटरने भागला, तर साधा सोडा पिणाऱ्याला दुकानातील वीस रुपयांची बाटलीच परवडेल.

भरलेला सिलिंडर गच्चीवर किंवा उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नये. आतील द्रवरूप गॅस 31 अंशांच्या वर द्रव राहत नाही आणि पुढे दाब झपाट्याने वाढतो. सोबतच्या प्लॅस्टिक बाटल्यांवर वापराची मुदत छापलेली असते, ती संपली की बाटली बदलावी. आणि त्या कढत पाण्याने कधीच धुऊ नयेत, कारण आकार बिघडलेली बाटली दाब झेलत नाही.