मुंबई एअरपोर्टवर 'मेट्रो बंद आहे' म्हणणाऱ्यापासून सावध! २,९०० रुपयांना लुटलं

आधीच सांगते, टी-२ च्या (टर्मिनल २) बाहेर पडल्यावर जो माणूस स्वतःहून तुमच्याकडे चालत येतो त्याच्याशी एक शब्दही बोलू नका. नागपूरहून आईला घेऊन आले, रात्रीचे सव्वाआठ, जायचं होतं गिरगावात मावशीकडे. मेट्रो ३ ने जायचं असंच ठरलेलं, टी-२ ला स्टेशन आहे, गिरगावलाही आहे, गाडी बदलायची भानगड नाही.

तेवढ्यात हा आला. गळ्यात कसलंसं कार्ड, बोलणं स्वच्छ मराठी. "ताई, मेट्रो बीकेसीपर्यंतच (वांद्रे-कुर्ला संकुल) आहे, पुढे काम चालू आहे, आईंना घेऊन कुठे उतरणार?" आता हे मला खरं का वाटलं तर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लाइन सुरू झाली तेव्हा ती खरंच बीकेसीपर्यंतच होती, मग मे २०२५ मध्ये वरळीपर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत, आणि बाहेरगावच्या माणसाच्या डोक्यात जुनीच बातमी बसलेली असते हे या लोकांना पक्कं माहीत आहे. आईचा गुडघा, दोन मोठ्या बॅगा, आणि हा म्हणतो साडेआठशे, सगळं धरून. मी काही फुकटात जायला निघाले नव्हते, वाजवी वाटलं म्हणून हो म्हटलं.

पार्किंगमध्ये गाडी समोर आली आणि नंबर प्लेट पांढरी. पांढरी!! टॅक्सीला पिवळी प्लेट लागते हे मला माहीत आहे, डोळ्यांना दिसलं, मी विचारलंसुद्धा, तर म्हणे "कंपनीची गाडी आहे ताई", आणि तोपर्यंत आई आत बसलेली, बॅगा डिकीत गेलेल्या. त्याच क्षणी आईला उतरवायला हवं होतं. तो क्षण आठवला की अजून अंगाची आग होते.

गिरगावात पोचल्यावर मोबाइलवर कुठलंतरी ॲप दाखवलं, भाडं २,३४०. वर पार्किंग ३००, सामानाचे ६०, सी लिंकचा टोल २००. अहो, सी लिंकवरून आलोच नाही, माहीम-दादरवरून आणलं, आणि सी लिंकचा एका वेळचा टोल १०० आहे! साडेआठशेचं काय म्हटलं तर "ते बेस भाडं". डिकी उघडेना. रात्रीची वेळ, आई घाबरलेली, औषधं बॅगेत. २,९०० यूपीआयने दिले, तर पैसे गेले कुठल्यातरी मोबाइल दुकानाच्या नावावर. त्याच अंतराला काळ्यापिवळीचं मीटर, १ फेब्रुवारी २०२५ च्या दराने, म्हणजे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ आणि पुढे किलोमीटरमागे २०.६६ धरून, पाचशेच्या आसपास होतं.

बसण्याआधी प्लेटचा फोटो काढा, तो नाही म्हणाला तर चालू लागा.

मी फोटो काढला होता. तो घेऊन चौकीत गेले तर पहिला प्रश्न, "मॅडम, तुम्ही स्वतःहून बसलात ना?" म्हणजे चोर मीच! त्यांनी सांगितलं एअरपोर्टच्या हद्दीत जा, तिथे म्हणाले पैसे गिरगावात दिलेत तर तिकडचं प्रकरण, तिसऱ्या ऑफिसात सांगितलं गाडी खासगी आहे, टॅक्सी असती तर परमिटवर कारवाई केली असती. खासगी गाडी टॅक्सी म्हणून चालते हीच तर तक्रार आहे ना! गाडीचा नंबर आहे, यूपीआयचं नाव आहे, वेळ आहे, अजून काय आणून द्यायचं, माणूस पकडून? बँक म्हणते पेमेंट तुम्हीच केलंत.

बॅगा डिकीत नको, मांडीवर घ्या. ड्रायव्हर अडवायला लागला तर पैसे देण्याआधी ११२ लावा, नंतर कोणी विचारत नाही. टॅक्सीच हवी असेल तर आतल्या प्रीपेड काउंटरची पावती घ्या आणि घरी पोचेपर्यंत ती ड्रायव्हरला देऊ नका. आणि मेट्रो रात्री साडेदहापर्यंत असते, आम्ही उतरलो तेव्हा चालू होती, स्टेशनला लिफ्ट आहे. परतताना आईला मेट्रोनेच नेलं, दोघींचं मिळून १४० च्या आत, कारण या लाइनवर ७० च्या वर तिकीटच नाही.

लेखी अर्ज दिलाय. पोच मागितली तर साहेब आल्यावर मिळेल म्हणाले, साहेब आले, गेले, पोच अजून नाही.